बांगडीतून जाईल तो लाडू

१

“लीलाबाई, बाकीची बुंदी कुठं गेली?”

हा प्रश्न मी माइकवर विचारला. भर विहारात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम संपता संपता, सगळी वस्ती समोर बसलेली असताना.

विचारायला लावला तो माझ्या मैत्रिणींनी, प्रतिमा आणि विनीतानं. माझं भाषण नुकतंच झालं होतं आणि टाळ्या अजून कानात होत्या. दोघी स्टेजच्या बाजूला उभ्या राहून कुजबुजल्या, “एवढी बोलते ना तू? मग विचारून दाखव. आणि आजी-बिजी नाही म्हणायचं. लीलाबाई म्हणायचं, मोठ्यांसारखं.”

“विचारते की. त्यात काय,” मी म्हणाले. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हात वर करतानाही घाबरायचे. यंदा बारावीत गेले, वादविवादात ढाल आणली, आणि आता मला वाटतं की माइक माझ्यासाठीच बनवला आहे.

झालं होतं असं. आमच्या जबलपूरच्या वस्तीतले निम्मे लोक त्या दिवशी नागपूरला जातात. ज्यांना जमत नाही ते इथल्या विहारात येतात. वंदना होते, भाषणं होतात आणि शेवटी प्रत्येकाला एक लाडू. लहान-मोठा, पाहुणा-घरचा, सगळ्यांना एकसारखा. त्यावर लीलाआजीचा फार कटाक्ष. विहार टिनाचं शेड होतं तेव्हापासून स्वयंपाकघराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. दरवर्षी तेवढंच बेसन, तेवढीच साखर, आणि लाडवांच्या सहा पराती भरतात. एका परातीत शंभर. यंदा पाच पराती भरल्या आणि वर फक्त पाच लाडू राहिले.

जवळच्या कुंडम गावाहून जी मंडळी बसनं आली होती ती मागे बसली होती. त्यांच्यापर्यंत लाडू पोचलाच नाही. एक म्हातारे आजोबा रिकामा रुमाल परत घडी करून खिशात ठेवत होते, ते मी स्टेजवरून पाहिलं. आणि मग मी माइक हातात घेतला.

लीलाआजी दारात परात पुसत उभी होती. तिनं फडकं खांद्यावर टाकलं. किल्ल्यांचा जुडगा कमरेतून काढला, माझ्या बाबांच्या पुढच्या टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि गेली.

“देखा? जवाब नहीं है,” पुढच्या ओळीतून गीताबाई म्हणाली.

प्रतिमानं मला अंगठा दाखवला. मी पण हसले. खरंच सांगते, तेव्हा मी हसले.

२

घरी मात्र कुणी हसत नव्हतं.

माझे बाबा, अंबादास, कुंडमच्या तहसिलीत बाबू आहेत आणि विहार समितीचे सचिवही. ते ताटावर बसले पण घास उचलेनात.

“रविवारी कमिटी बसणार,” ते म्हणाले. “किल्ल्या गीताबाईला द्या म्हणून राहिले सगळे.”

“मग आजी?”

“ते माइकवर विचारायचं होतं ना तुला. ती आता विहाराची पायरी चढणार नाही. रविवारी किल्ल्या दुसऱ्याकडे गेल्या की चोरीचा शिक्का बसला तिच्यावर. मग कोणी काही म्हणो.”

“मी चोरी कुठं म्हटलं? मी फक्त विचारलं.”

“सत्तू,” आई म्हणाली, “भाजी घे.”

माझं नाव सत्यवती, पण घरात सत्तू. पाण्यात कालवून प्यायचं पीठ असल्यासारखं. मी भाजी घेतली आणि हात धुवायला उठले, तर बांगडी नळाला अडकली. पिवळ्या धातूची साधी बांगडी, मी रोज घालते तशी. काढायला गेले तर अंगठ्याच्या हाडापाशी अडून बसली.

“काय झालं?” आईनं विचारलं.

“निघत नाही.”

“खा अजून बुंदी. सकाळपासून चरतच होती तू तिथं.”

बाबांच्या तोंडावर जरासं हसू आलं. “माय दोन-दहाच्या बांगड्या घालते, पोरीला दोन-चारची होईना. मोठी प्रगती आहे घराण्याची.”

“माझी दोन-दहा काढू नका,” आई म्हणाली. “तुमचा पट्टा कितव्या भोकावर आहे ते सांगू का?”

मी हसले नाही. डोळ्यांपुढं तो घडी होणारा रुमाल होता, आणि त्याच्याही पुढं टेबलावर ठेवलेल्या किल्ल्या. मला एकदम कळलं की उत्तर मिळण्याआधीच माझ्या प्रश्नानं निकाल देऊन टाकला होता. रविवारच्या आत बुंदी कुठं गेली ते मलाच शोधावं लागणार होतं. आणि ती खरंच आजीनं नेली असेल तर? तर निदान मला झोप तरी लागेल, असं मी स्वतःला सांगितलं. तेही खरं नव्हतं.

३

पहिला संशय टिकाराम काकांवर. ते रिछाईच्या एका कारखान्यात काम करतात, आणि बेसन दरवर्षी तेच सिहोऱ्याच्या गिरणीतून आणतात. वाटेत पोतं हलकं झालं असेल तर?

“अच्छा, आता माझा नंबर लागला,” काका सायकल पुसता पुसता म्हणाले. “माइक कुठं आहे बाई तुझा?”

माझे कान तापले.

“पोतं मी आणलं तेव्हा तुझ्या बाबांनीच शिवण उसवली. गिरणीची शिवण होती. आत काही कमी असतं तर बुंदी कमी पडली असती ना? बुंदीची ती मोठी पातेली गळ्यापर्यंत भरली होती, दरवर्षीसारखी. मी स्वतः उचलली. अजून कंबर दुखून राहिली.”

म्हणजे बुंदी पुरी होती. मग ती पातेलीतून परातीत जाताना कमी झाली.

दुसरी गीताबाई. ती पाकाशी होती आणि किल्ल्यांवर तिचा डोळा आहे हे सगळ्या वस्तीला ठाऊक. लीलाआजीचं नाव खराब व्हावं म्हणून तिनंच बुंदी लपवली असेल, असा माझा आवडता अंदाज होता.

“मी काहून लपवू?” गीताबाई भडकली. “सकाळपासून तिथं पंधरा बायका. बुंदी पदरात बांधून नेऊ का मी, पाक गळत? आणि ऐक, लीलाबाई तर चुलीसमोरून हललीच नाही. झारा तिच्याच हातात. लाडू तुझ्या मैत्रिणींनी वळले.”

हे तिनं रागात सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तिच्याच लक्षात आलं की आपण लीलाआजीला सोडवून टाकलं. 

प्रतिमा आणि विनीता राहिल्या. दोघी एकदम म्हणाल्या, “हमको क्या पता? आम्ही तर बांगडीनंच मापले.”

बांगडी म्हणजे चुलीजवळच्या खिळ्याला टांगलेली जुनी पिवळी बांगडी. लाडू वळायचा आणि बांगडीतून काढायचा. अडला तर मोठा, सळकन पडला तर छोटा. घासून गेला की पास. आमच्या विहारात एखाद्याला बरोबर वागवायचं असेल तर लोक म्हणतात, ‘बांगडीतून काढा.’

“एकेक लाडू पास करून घेतला,” विनीता म्हणाली. “तू कुठं होती गं तेव्हा? सुरुवातीला बुंदीत तूप कालवलं आणि पळाली.”

“मला माइक टेस्टिंगला बोलावलं होतं.”

“हो ना. तुलाच बोलावणार.”

बुंदी पुरी, कुणी नेली नाही, लाडू मापून वळलेले. आणि तरी एक अख्खी परात हवेत विरली होती. मला कुणी गुन्हेगारच सापडेना.

४

सापडला तो गणिताच्या तासाला, किंवा मला तसं वाटलं.

वसुधा मॅडम फळ्यावर गोल काढत होत्या. वर्गात त्या हिंदीत शिकवतात, मला एकटीला रागवायचं असलं की मराठीत. “गोले की त्रिज्या में दो प्रतिशत की वृद्धि हो, तो आयतन में लगभग कितनी?”

“दो प्रतिशत,” मागून कुणीतरी म्हणालं.

“छह,” मॅडम म्हणाल्या. “आयतन में त्रिज्या का घन है. अवकलन करो तो वह तीन नीचे उतरकर आगे आ जाता है. छोटा बदलाव हो तो प्रतिशत सीधा तीन गुना.”

त्रिज्या थोडी वाढली की घनफळ टक्क्यांत तिप्पट वाढतं, हा नियम मला महिनाभर पाठ होता. परीक्षेत दोन मार्कांना येतो. पण त्या दिवशी फळ्यावरचा गोल मला पिवळा दिसला, दाणेदार, तुपकट. रुंदीत एवढासा फरक, जो डोळ्याला कळणारही नाही, आणि पोटात त्याच्या तिप्पट बुंदी. लाडू जरा मोठे वळले गेले असतील तर चोरी झालीच नाही. सगळी बुंदी लाडवांतच आहे. वाटली गेली, खाल्ली गेली, आणि शेवटच्या ओळीला पुरली नाही.

“सत्यवती, छताकडे काय पाहून राहिलीस?” मॅडम मराठीत म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर मी घरून बाबांकडच्या किल्ल्या घेतल्या आणि विहाराचं स्वयंपाकघर उघडलं. माझ्या वाटणीचा लाडू मी खाल्ला नव्हता, खाववलाच नव्हता. तो डब्यात घालून नेला होता. बांगडी खिळ्यालाच होती.  लाडू अडू दे, अडू दे, म्हणत मी तो बांगडीत घातला.

लाडू कडेकडेनं घासत, अगदी मापात, पलीकडे गेला.

पास.

५

माझी थिअरी तिथंच ढासळली. पण बांगडी मी परत खिळ्याला लावली नाही. वाटलं, आजीला नेऊन द्यावी. किल्ल्या गेल्या तरी ही तिची आहे. माफी मागायला रिकाम्या हातानं जायची हिंमत नव्हती, हे खरं कारण.

लीलाआजी ओट्यावर मेथी निवडत होती. मला पाहून तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. रागावली असती तर बरं झालं असतं.

“आजी, मी…”  माइकवर शब्द कसे भराभर आले होते कोण जाणे.

“बस,” ती म्हणाली. “मले बुंदीचं नको विचारू, माय. मले खरंच ठाऊक नाही. मीच विचार करून राहिली दोन दिवस. एक लाडू उचलला होता मी परातीतला, नीट लावून ठेवायला. जड लागला हाताले. म्हटलं, आता ताकद गेली. लाडू जड लागू लागला तर किल्ल्या तरी कशाले ठेवाव?”

जड. मी एकदम ताठ झाले. जड लाडू, पण मापात पास.

“आजी, ही तुमची बांगडी आणली.”

तिनं ती घेतली, उजेडात फिरवली, बोटं जवळ घेऊन हात आत सरकवला. बांगडी सहज मनगटावर जाऊन बसली. लीलाआजी तिच्याकडे पाहतच राहिली.

“ही माझी नाही,” ती म्हणाली. “माझी दोन-दोनची. लग्नातली. हाडकुळी होती मी. पहिलं लेकरू झालं तेव्हापासून हातात जात नाही, म्हणून तर लाडवाले लावली. ही तर पाहा ना, कशी जाऊन राहिली.” तिनं ती काढून आतली बाजू डोळ्यांजवळ नेली. “काय लिहिलं इथं? मले नाही दिसत.”

मला दिसलं. छोटा ठसा होता, 2.4. माझा नंबर.

आणि त्या सकाळचं सगळं ओळीनं आठवलं. बुंदीत तूप कालवण्याआधी मी बांगडी काढून खिळ्याला टांगली होती. माइकसाठी हाक आली तशी तुपाच्याच हातानं खिळ्यावरची एक ओढली आणि पळता पळता चढवली. तुपामुळं चढली. तूप धुतल्यावर निघेना, कारण ती आजीची होती.

मी बुंदी शोधत घरोघर फिरत होते, आणि चोर पूर्ण वेळ माझ्या उजव्या मनगटावर होता.

मी काय करायला हवं होतं? हात पुढं करायला हवा होता. मी ओढणी मनगटावर ओढली, “येते आजी,” म्हणाले आणि निघाले. गल्लीच्या टोकापर्यंत चालले, मग पळाले.

६

घरी येऊन मी वही उघडली. रडण्यापेक्षा गणित सोपं असतं.

लाडवांची संख्या जाडीच्या घनाच्या उलट्या प्रमाणात. म्हणजे जाडी जितके टक्के वाढली, त्याच्या तिप्पट टक्के लाडू कमी. बांगडी २.२ ची जाऊन २.४ ची आली. दोन दशांश वाढ, २.२ वर. नऊ टक्के. तिप्पट सत्तावीस. सहाशेचे सत्तावीस टक्के म्हणजे एकशे साठच्या वर लाडू कमी पडायला हवे होते.

कमी पडले होते पंच्याण्णव.

जुळत नव्हतं. आणि लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. आकडा जुळत नाही, म्हणजे बांगडीनं झालं नाही, म्हणजे मी सुटले. गणितानंच सोडलं मला, मी काय करू? वही मिटायची आणि बांगडी गुपचूप साबणानं काढून खिळ्याला नेऊन लावायची, एवढंच बाकी होतं.

मोरीत आईनं तिच्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या. साबण घ्यायला गेले तर त्या मध्ये आल्या. एक उचलली. आत ठसा, 2.10.

आईची २.१०. माझी २.४. आणि आईची माझ्यापेक्षा कितीतरी मोठी.

दशांशात दोन पूर्णांक दहा हे दोन पूर्णांक चारपेक्षा लहान असतं. मग हा दशांश नव्हेच.

“आई, दोन-दहा म्हणजे दोन आणि दहा काय?”

“दोन इंच दहा आणे,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “सोळा आण्यांतले. तुला बारावीत हे नाही शिकवत?”

टिंबानं मला फसवलं होतं. की मीच फसायला बसले होते. दोन-दोन म्हणजे इंचाचे सोळा भाग धरले तर चौतीस भाग. दोन-चार म्हणजे छत्तीस. चौतिसावर दोन, सहा टक्क्यांच्या आत. तिप्पट केली तर सतरा-साडेसतरा. एकशे साठ नव्हे, एकशे पाचच्या आसपास लाडू. पंच्याण्णवाच्या अगदी शेजारी. उरलेला दहाचा फरकही चोराचा नव्हता. मॅडमचं अवकलन, म्हणजे डिफरन्शिएशन, सरळ रेषेत चालतं आणि घन वळत जातो, बदल जरा मोठा झाला की अंदाज थोडा पुढं पळतो. म्हणून चौतीस भागिले छत्तीसचा खरा घन करून पाहिला. सहाशेला गुणलं.

पाचशे पाच. पाच पराती आणि वर पाच लाडू.

एक दाणासुद्धा कुणी नेला नव्हता.

बाबा कुंडमहून आले तेव्हा वही, माझा डब्यातला लाडू आणि माझा हात, तिन्ही टेबलावर होते. मी सगळं सांगितलं. ओढणी ओढून घेतली तेही.

बाबांनी वही दोनदा पाहिली. “बरं झालं,” ते हळूच म्हणाले. “रविवारी मी सांगतो कमिटीत. मापात फरक पडला होता, चोरी नाही, किल्ल्या लीलाबाईलाच. तुझं नाव घ्यायची गरज नाही. लग्नाच्या-बिग्नाच्या गोष्टीत लोक लक्षात ठेवतात.”

“आण इकडं हात,” आई साबण घेऊन आली. “निघते पाहा आत्ता. खिळ्याला लावून येऊ, झालं.”

साबणाचा फेस मनगटावर गार लागला. बांगडी हाडापर्यंत सरकली. आणखी एक ओढ, की निघणार होती. मी हात मागे घेतला.

“काय गं, दुखलं?”

“नाही. बाबा, तुम्ही काही सांगायचं नाही. मी सांगणार. रविवारी, वंदना झाली की, त्याच माइकवर. कुंडमच्या त्या मंडळींनाही निरोप द्या, त्यांच्यासमोर सांगायचंय.”

“सत्तू, अगं सगळी वस्ती…”

“सगळ्या वस्तीसमोरच विचारलं होतं ना मी. आज आजीकडे जाते आणि हात दाखवते. ती यायला तयार झाली तर रविवारी बांगडी तिच्याच हातानं काढून घेणार. नाही आली तर ही अशीच राहील माझ्या हातात. आणि आई, साबण ठेवून दे. मला ती सहज निघायला नको आहे.”